दोराची निगा आणि लोकांचा पैसा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे, ते विज्ञान शिकवीत. प्रयोगशाळेतील प्रत्येक उपकरणाची त्यांनी एक नोंदवही ठेवली होती, आणि एखादी काचनळी फुटली तर ती कोणी फोडली यापेक्षा ती कशी फुटली हे ते आधी लिहावयास लावीत. अशा शिक्षकाच्या स्मृतिदिनी मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने कशावर बोलावे, याचा मी बराच विचार केला. संतवाङ्मयावर किंवा बखरींवर मी बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. बखरीकडे मी येणारच आहे. पण थोड्या आडवाटेने. आजचा माझा विषय रज्जुमार्ग, म्हणजे आपण ज्याला रोपवे म्हणतो तो, आणि त्याचा दोर सांभाळणारी माणसे, हा आहे.

माझे म्हणणे प्रारंभीच सांगून टाकतो. या देशातील रज्जुमार्गांवर आणि बर्फावरच्या खेळासाठी उभारलेल्या स्की-लिफ्टवर देखभालीचे काम करणाऱ्या तंत्रज्ञांची स्वतःची एक सुरक्षा संघटना असली पाहिजे, आणि तिचा मूळ खर्च सरकारी तिजोरीतून झाला पाहिजे. ही मागणी मी दानधर्म म्हणून मांडत नाही. तिच्यामागे हक्काचा हिशेब आहे.

हैदराबादेत बसून बर्फाच्या डोंगरांची काळजी का करावी, असे कोणी विचारील. आपल्यापैकी कितीतरी जण श्रीशैलला जाऊन आले आहेत. तेथे पाताळगंगेपर्यंत उतरणाऱ्या पाळण्यात बसताना आपण दर्शनाचा विचार करतो, पाण्याचा विचार करतो. दोराचा विचार करीत नाही. १६७७ साली दक्षिणेच्या स्वारीवर असताना शिवाजी महाराज याच भागानगरात कुतुबशहाला भेटले आणि पुढे श्रीशैलास गेले. त्यांच्या राजधानीवर, रायगडावर, १९९६ पासून रोपवे चालतो. त्याचे खालचे स्थानक हिरकणीवाडीत आहे. ज्या कड्याशी एका आईच्या धाडसाची कथा जोडलेली आहे, त्या कड्याच्या परिसरातून आज आजीआजोबा काही मिनिटांत गडावर पोहोचतात. हिरकणीला स्वतःच्या हातापायांचा भरवसा होता. आपला भरवसा मात्र दुसऱ्या कोणाच्या हातांवर असतो, आणि ते हात आपल्याला दिसत नाहीत.

ते हात काय करतात? पोलादी दोर अनेक बारीक तारांच्या पिळाने बनतो. मोठ्या चाकावरून आणि खांबांवरच्या पुल्यांवरून तो पुन्हापुन्हा वाकतो, आणि वाकून वाकून त्याच्या तारा थकतात. काही तारा आतल्या आत तुटतात, वरून दिसतही नाहीत. त्यासाठी चुंबकीय तपासणी करावी लागते. दोराचा सांधा तपासावा लागतो. ज्या लिफ्टमध्ये खुर्चीची पकड दोरावर कायम आवळलेली असते, तेथे ती ठरावीक काळाने सोडवून पुढे सरकवावी लागते. नाहीतर दोर एकाच जागी दुखावतो. ब्रेकची चाचणी, पुल्यांना ग्रीस, वाऱ्याचा वेग, विजेचा पर्याय, हे सारे रोजचे. गुलमर्गला ही कामे बर्फात आणि बोचऱ्या वाऱ्यात होतात. तेथील गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवतच्या उतारावर जवळजवळ ४,००० मीटर उंचीपर्यंत जातो. २०२० पासून तेथे खेलो इंडियाचे हिवाळी खेळ भरत आले आहेत. खेळाडूंची नावे वर्तमानपत्रांत येतात. पहाटे खांबावर चढून पुलीवरचा बर्फ फोडणाऱ्याचे नाव येत नाही. येऊ नये, असेच त्या कामाचे स्वरूप आहे. त्याचे नाव बातमीत येते ते अपघात झाल्यावर.

असे अपघात आपण पाहिले आहेत. ऑक्टोबर १९९२ मध्ये हिमाचलातील परवाणूजवळ दोर तुटला आणि पाळणा दरीवर अडकला. प्रवाशांना सैन्याने आणि वायुदलाने मोठ्या धाडसाने सोडवले. पाळण्यावरचा चालक मात्र उडी मारताना प्राणास मुकला. २५ जून २०१७ रोजी गुलमर्गला वादळी वाऱ्यात उन्मळलेले झाड रज्जुमार्गावर कोसळले आणि सात जण मृत्युमुखी पडले. त्यांत पर्यटकांबरोबर तेथील वाटाडेही होते. १० एप्रिल २०२२ रोजी, रामनवमीच्या दिवशी, झारखंडात देवघरजवळच्या त्रिकूट पर्वतावर अनेक पाळणे अधांतरी अडकले. सुटका चाळीसहून अधिक तास चालली, आणि तीन जणांचे प्राण गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये गुजरातेत पावागडावर माल वाहणाऱ्या रज्जुमार्गाचा दोर तुटून सहा जण मरण पावले. त्यांत तेथे काम करणारेही होते.

त्रिकूटच्या घटनेतील एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. हेलिकॉप्टरे येण्यापूर्वी पहिल्या काही तासांत जी माणसे खाली आली, ती त्याच रज्जुमार्गावर देखभालीचे काम करणाऱ्या एका स्थानिक माणसाने आणि गावकऱ्यांनी दोराच्या आधाराने उतरवली. देशाच्या पंतप्रधानांनी पुढे त्या माणसाशी बोलून त्याचे कौतुक केले, आणि ते योग्यच झाले. परंतु कौतुकाने आपले कर्तव्य संपते काय? धैर्य त्या माणसाचे होते. ते धैर्य त्याला दाखवावे लागले, याची जबाबदारी मात्र आपल्या व्यवस्थेची आहे. शंभर ठिकाणी शंभर शूर माणसे योग्य वेळी हजर असतील, असे गृहीत धरून कोणतेही राज्य चालत नाही.

आता मी बखरीकडे येतो. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ मध्ये जिंजीला लिहिलेल्या बखरीत गडांच्या व्यवस्थेचे वर्णन आहे. गडावर एकच मुख्य माणूस नसे. हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे अधिकारी समान दर्जाचे असत आणि त्यांनी मिळून कारभार करावा, अशी योजना होती. तटबंदी कितीही भक्कम असली तरी गड एका माणसाच्या मर्जीवर सोडू नये, हे त्यामागचे शहाणपण. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही गडकोटांच्या प्रकरणात दगडचुन्याइतकाच विचार माणसांचा आहे. आणि या माणसांचा खर्च राज्य करीत असे. गडाच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनी वर्गणी काढून पहारेकरी ठेवावेत, असे कोणी म्हटले नाही. कारण गड सर्वांचा होता.

हे शहाणपण विसरले की काय होते, ते इटलीतील मोत्तारोने येथे २३ मे २०२१ रोजी दिसले. ओढणारा दोर तुटला. तो तुटला तरी संकटकालीन ब्रेकने पाळणा जागच्या जागी धरायला हवा होता. परंतु ब्रेकमध्ये काही बिघाड होऊन पाळणा वारंवार थांबत असल्यामुळे तो ब्रेक लागूच नये म्हणून त्यात लोखंडी चिमटा अडकवून ठेवलेला होता. पंधरा प्रवाशांपैकी चौदा गेले. पाच वर्षांचा एक मुलगा वाचला. यंत्राने धोक्याची सूचना दिली होती. ती सूचना म्हणजे अडथळा वाटला, कारण गाडी थांबली की उत्पन्न थांबते. अशा वेळी हाताखालच्या तंत्रज्ञाला ‘मी हा चिमटा लावणार नाही’ असे म्हणण्याचे बळ कोठून मिळावे? नोकरी देणाऱ्याकडून ते मिळण्याची शाश्वती नाही. ते बळ त्याच्याच व्यवसायातील माणसांच्या संघटनेकडून मिळू शकते.

म्हणून अशा संघटनेची कामे मी चार समजतो. पहिले, प्रशिक्षण आणि त्याचे प्रमाणपत्र. स्वित्झर्लंडमध्ये रज्जुमार्गाच्या तंत्रज्ञाला चार वर्षांची उमेदवारी करावी लागते. आपल्याकडेही हा एक स्वतंत्र, मान्य व्यवसाय ठरला पाहिजे. दुसरे, बिघाडांची नोंद. गुलमर्गला जे बिघडता बिघडता राहिले, ते रायगडावरच्या माणसाला महिन्याभरात कळले पाहिजे, आणि कळवणाऱ्याचे नाव झाकलेले राहिले पाहिजे. तिसरे, सुटकेचा सराव. दरवर्षी, त्याच जागी, त्याच माणसांकडून. चौथे, खरी नोंद लिहिल्याबद्दल ज्याच्यावर गदा येईल, त्याला कायद्याचा आधार. म्हाइंभटांनी लीळा जमवताना गावोगाव हिंडून प्रत्यक्ष पाहणाऱ्याऐकणाऱ्यांना गाठले, आणि कोणी काय सांगितले हे प्रामाणिकपणे जपले. मराठी गद्याचा आरंभ असा खऱ्या नोंदीत आहे. ग्रीसने माखलेल्या बोटांनी लिहिलेली देखभालीची नोंदवही मला त्याच कुळातली वाटते, आणि तिच्यावर तर माणसांचे प्राण अवलंबून असतात.

यावर तीन आक्षेप येतात. पहिला असा की, रज्जुमार्ग म्हणजे पर्यटकांची चैन. तिच्यासाठी सामान्य करदात्याने पैसे का द्यावेत? याचे उत्तर सरकारनेच दिले आहे. २०२२–२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पर्वतमाला ही रज्जुमार्गांची राष्ट्रीय योजना जाहीर झाली. ५ मार्च २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने सोनप्रयाग ते केदारनाथ या सुमारे १२.९ किलोमीटरच्या रज्जुमार्गाला ४,०८१ कोटी रुपयांच्या अंदाजित खर्चासह, आणि गोविंदघाट ते हेमकुंड साहिब या सुमारे १२.४ किलोमीटरच्या रज्जुमार्गाला २,७३० कोटींच्या खर्चासह मंजुरी दिली. हे प्रकल्प खाजगी भागीदारीत होणार असले तरी राष्ट्रीय धोरणाचा भाग आहेत, आणि त्यांत बसणारे बहुसंख्य लोक यात्रेकरू असतील. या दोन आकड्यांच्या बेरजेचा हजारावा हिस्सा सात कोटींच्या आत येतो. तेवढ्या रकमेत तंत्रज्ञांच्या एका राष्ट्रीय संघटनेचा पाया अनेक वर्षांसाठी घालता येईल. दोर विकत घ्यायला पैसा आहे आणि दोर राखणाऱ्यासाठी नाही, असे म्हणणे शोभत नाही.

दुसरा आक्षेप : हा खर्च कंपन्यांनी करावा. त्यांनी जरूर करावा; तिकिटामागे एखादा रुपया या कामासाठी कायद्याने बाजूला काढावा, असे मी सुचवीन. पण तो पैसा कंपनीच्या मर्जीने मिळता कामा नये. रेल्वेचा दाखला घ्या. अपघातांची चौकशी करणारी यंत्रणा १९४१ मध्ये रेल्वे बोर्डाच्या ताब्यातून काढण्यात आली. रेल्वे सुरक्षा आयोग स्वतंत्र भारतात नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत राहिला तो याच तत्त्वावर. गाडी चालवणाऱ्याने स्वतःच्या गाडीचा निकाल देऊ नये. सभासदाच्या बखरीतील गडाची व्यवस्था आणि ही व्यवस्था यांत मला तत्त्वाचा भेद दिसत नाही.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो या सभागृहातील लोकांना चटकन कळेल. सरकारी पैसा आला की सरकारी हातही येतो. ज्या काळी या संस्थानात उस्मानिया विद्यापीठाची भाषा उर्दू होती, त्या काळी येथील मराठी माणसांनी लोकवर्गणीवर शाळा उभ्या केल्या. अनुदानाचे मोल आणि अनुदानाचे ओझे, दोन्ही आपल्या वडीलधाऱ्यांनी अनुभवले आहे. म्हणून अनुदान मागतानाच त्याच्या अटी आपण सांगाव्यात. अनुदान एका वर्षाचे नसावे; निदान पाच वर्षांचे असावे, म्हणजे एखादा अप्रिय अहवाल लिहिला म्हणून पुढच्या वर्षी ते थांबणार नाही. कार्यकारिणीत प्रत्यक्ष काम करणाऱ्या तंत्रज्ञांचे बहुमत असावे. सभासदांनी अल्प का होईना वार्षिक वर्गणी भरावी. कारण स्वतःचा रुपया घातल्याशिवाय संस्था आपली वाटत नाही. आणि पैशापैशाचा हिशेब दरवर्षी जाहीर व्हावा. जो इतरांकडून खरी नोंद मागतो, त्याची स्वतःची नोंद आधी स्वच्छ हवी.

आणि आपल्या या शहराचा यात काय वाटा? डोंगर आपल्याकडे नाहीत, परंतु प्रशिक्षणाची परंपरा आहे. इंजिनिअरिंग स्टाफ कॉलेज ऑफ इंडिया ही नोकरीत असलेल्या अभियंत्यांना पुढचे शिक्षण देणारी संस्था १९८१ पासून हैदराबादेत आहे. रज्जुमार्गाच्या तंत्रज्ञांचे वर्ग भरवण्यास अशा शहराने पुढाकार घ्यावा, हे सर्वथा उचित होईल. या शाळेचे कितीतरी माजी विद्यार्थी अभियंते आहेत, सनदी लेखापाल आहेत, सचिवालयात आहेत. त्यांना माझी विनंती आहे. एक निवेदन तयार करा. त्यात भावना थोडी आणि आकडे पुष्कळ असू द्या. खर्च किती, तो कोणत्या शीर्षाखाली पडेल, कोणत्या मंत्रालयाकडे जाईल, हे लिहा. मराठीचा मजकूर तपासून द्यायला मी आहे. या वयात तेवढे काम माझ्याकडून निश्चित होईल.

गुरुजींच्या त्या नोंदवहीत एक रकाना होता, ‘पुन्हा असे होऊ नये म्हणून’. आम्ही मुले तो बहुधा कोराच ठेवीत असू, आणि ते वही परत करीत. परवाणू, गुलमर्ग, त्रिकूट आणि पावागड यांच्या नोंदी झाल्या. तो शेवटचा रकाना भरणे आता आपल्याकडे आले आहे.