दंड कोणाच्या हाती?

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित अंश)



१३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरमध्ये, प्रत्यक्ष न्यायदालनात, अक्कू यादव या गुंडाला जमावाने ठार केले. कस्तुरबा नगरातील स्त्रियांनी त्याची दहशत वर्षानुवर्षे सोसली होती आणि पोलिसांकडे केलेल्या तक्रारी वाया गेल्या होत्या. २०१४ मध्ये आरोपी पुराव्याअभावी सुटले. ती बातमी वाचून अनेक सुशिक्षित घरांत एकच उद्गार निघाला : ‘बरे झाले!’

त्या स्त्रियांविषयी सहानुभूती वाटणे माणुसकीचेच आहे. परंतु ‘बरे झाले’ ही सहानुभूती नव्हे, तो निवाडा आहे. आणि तो आपण एकही साक्ष न ऐकता दिलेला असतो.

समाजाला निवाड्यात वाटा देणारी एक व्यवस्था आपल्याकडे होती, ती ज्यूरीची. सामान्य नागरिकच ते. पण शपथ घेऊन बसलेले, दोन्ही बाजू व उलटतपासणी ऐकणारे. तरीही काय झाले? १९५९ मध्ये नौदल अधिकारी कावस नानावटी यांनी मुंबईत प्रेम आहुजा यास गोळ्या घातल्या. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने नानावटींची बाजू उचलून धरली, लोकमत त्यांच्याकडे झुकले आणि ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने त्यांना निर्दोष ठरविले. न्यायाधीश रतिलाल मेहता यांनी तो कौल न स्वीकारता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले. तेथे जन्मठेप झाली, १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि १९६४ मध्ये राज्यपालांनी माफी दिली. (याच खटल्यामुळे ज्यूरी गेली, ही समजूत पुरती खरी नाही. विधी आयोगाने १९५८ सालीच ती बंद करण्याची शिफारस केली होती.)

शपथबद्ध नऊ जणांची ही गत, तर रस्त्यावरच्या जमावाचे काय?

ज्यूरीचा दुसरा अनुभव तर आपल्या जिव्हारी लागलेला आहे. १९०८ मध्ये लोकमान्यांना दोषी ठरविणारे सातही जण युरोपीय होते. दोन पारशी सदस्यांनी त्यांना निर्दोष म्हटले. त्या न्यायासनाकडून टिळकांना कसली आशा असणार? तरी ते एकवीस तासांहून अधिक काळ स्वतः युक्तिवाद करीत राहिले. त्यांच्यामागे जनसमुदाय नव्हता असे कोण म्हणेल?

कौटिल्याने तीक्ष्ण दंडाचा आणि मृदू दंडाचा, दोहोंचाही दोष सांगितला आहे. दंड योग्य रीतीने चालला नाही की मात्स्यन्याय येतो. आज खटला दहा-दहा वर्षे रेंगाळतो, साक्षीदार फितूर होतात, तेव्हा लोक जमावाकडे आशेने पाहू लागतात. मात्र त्याच जमावाने उद्या चुकीच्या माणसाला धरले, तर अपील कोठे करायचे?

तक्रार देणाऱ्या भगिनीबरोबर पोलीस ठाण्यात जाणे, साक्षीदाराच्या घरी रात्री-अपरात्री कोणी धमकावून गेले तर तेथे जाऊन बसणे, तारखेला न्यायालयात हजर राहणे, यांपैकी कशालाही वकिलीची सनद लागत नाही. प्रत्येक वस्तीत चार कार्यकर्त्यांनी हे काम अंगावर घ्यावे.