पिंच हार्मोनिक: जोर नको, जागा शोधा

गिटारची ती किंचाळणारी नोट म्हणजे पिंच हार्मोनिक. १९७३ च्या ‘ला ग्रेंज’मध्ये झीझी टॉपच्या बिली गिबन्सची ऐका. ती निघत नाही म्हणून बरेच जण पिक जोरात मारतात, गेन वाढवतात. पण खरा खेळ जागेचा आहे.

पिकचं टोक जेमतेम बाहेर ठेवा. तार छेडली की लगेच अंगठ्याची कड तिला निसटती लागू द्या. तिसरी तार, पाचवा फ्रेट घ्या. ब्रिजपासून साधारण १२ सेंमीवर, म्हणजे वाजणाऱ्या तारेच्या पाव भागावर, नोट दोन सप्तकं वर उडते. सातव्या फ्रेटवर गेलात की ती जागा सेंटिमीटरभर ब्रिजकडे सरकते. म्हणूनच एका नोटवर जमतं, दुसरीवर नाही. तेव्हा वैतागून गिटार ठेवू नका, हात सरकवून बघा. भेटू पुढच्या भागात!