महिनाभराची विलायत आणि आईच्या जेवणाची वेळ

(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



'विलायतेच्या सहलीची आखणी' हा विषय मंडळानं आम्हाला दिला. आमच्यापेक्षा जास्त फिरलेली मंडळी समोर बसली आहेत. काहींची तर मुलंनातवंडंच तिकडे आहेत. आमचं तिकडे कोणी नाही. त्यामुळे तीस दिवस राहायचं कुठे, बघायचं काय आणि खायचं काय, हे सगळं वडोदऱ्यात बसून ठरवावं लागलं. त्यात जे चुकलं ते जास्त सांगण्यासारखं आहे.

आम्ही म्हणजे चौघं. आम्ही नवरा-बायको, नववीची परीक्षा दिलेली लेक आणि बाहत्तर वर्षांची आई. आईला मधुमेह आहे, दोन वेळा इन्शुलिन घ्यावं लागतं. ती पक्की शाकाहारी. आम्ही दोघं मासे खातो, लेक ताटात येईल ते खाते. बाबा गेल्यापासून आई दोन वर्षं दांडिया बाजारच्या पलीकडे फारशी गेली नव्हती. तिला घेऊन जायचं हे आधी ठरलं, कुठे जायचं ते नंतर.

सरकारी नोकराला परदेशी जायचं तर रजा मंजूर होऊन भागत नाही, खात्याची परवानगीही लागते. आमची फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाईपर्यंत आखणीला भरपूर वेळ मिळाला. आमच्यातला एक जण सिव्हिलचा डिप्लोमावाला, साइटवर बार चार्ट लावून कामं करून घेणारा. त्यानं विलायतेचाही बार चार्ट काढला. तीस दिवस, सत्तावीस ठिकाणं. कुठली गाडी किती वाजता, तिकीट किती पौंड, सगळं. जेवणाच्या रकान्यात मात्र वरपासून खालपर्यंत एकच शब्द होता : 'सोयीनुसार'.

त्या चार्टात चांगलं काही नव्हतं असं नाही. लंडनची ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, सायन्स म्युझियम ही मोठी संग्रहालयं फुकट आहेत, हे अनेकांना ठाऊक नसतं. तिथे दिवसभर फिरण्यापेक्षा रोज दोन तास जावं. बाकं आहेत, स्वच्छतागृहं आहेत, पाऊस आला तर छप्पर आहे. टिपूचा लाकडी वाघ आम्ही व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये पाहिला. महाराजांची म्हणून ओळखली जाणारी वाघनखं मात्र २०२४ मध्ये तिथून महाराष्ट्रात आली, त्यामुळे ती आम्हाला तिथे दिसली नाहीत. शहरात भुयारी रेल्वेपेक्षा बस बरी. आम्ही गेलो तेव्हा भाडं पावणेदोन पौंड होतं, एका तासात कितीही बस बदला, पैसे एकदाच. आणि वरच्या मजल्यावरून लंडन दिसतं ते वेगळंच. आईला जिना चढवत नव्हता, म्हणून आम्ही आळीपाळीनं वर जात होतो.

दोन घरं आम्ही मुद्दाम चार्टात घातली होती. मेडा व्हेलमधलं १० हाउली प्लेस, जिथे लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये राहिले. चिरोलवरचा अब्रुनुकसानीचा दावा ते हरले तो हाच काळ. आज ते खासगी घर आहे, बाहेर फक्त निळी पाटी. आईनं रस्त्यावरूनच हात जोडले. दुसरं घर १० किंग हेन्रीज रोड. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये तिथे राहून शिकत होते. महाराष्ट्र शासनानं ते विकत घेतलं आणि आता तिथे स्मारक आहे. त्यांच्या खोलीत उभं राहिल्यावर आम्हा बडोदेकरांना थोडं अवघडायला होतं. परदेशी शिकायला शिष्यवृत्ती दिली ती सयाजीराव महाराजांनी, हे आपण अभिमानानं सांगतो. पण १९१७ मध्ये ते नोकरीसाठी इथे आले तेव्हा याच शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही आणि ते कमाटीबागेत झाडाखाली बसले, हेही आपल्याच गावात घडलं. लेकीनं विचारलं, "हे आपल्याला शाळेत का नाही सांगत?" आमच्याकडे उत्तर नव्हतं.

लंडनचे पाच दिवस असे निभावले, कारण तिथे कुठल्याही वेळी काहीतरी खायला मिळतं. तिथून बाथला गेलो. रोमन स्नानगृहं पाहिली, आईला ती आवडली. दुसऱ्या दिवशी चार्टात होतं कॉट्सवोल्ड्समधलं खेडं. गवताची छपरं, मधल्या रंगाचे दगड, चित्रातल्यासारखं. बस बदलत पोचायला अडीच वाजले. पबमध्ये गेलो तर स्वयंपाकघर बंद झालेलं. संध्याकाळी सहाला उघडेल म्हणाले. दुकान एकच, तेही बंद. परतीची बस दीड तासानं. आणि आमच्या पिशवीतला खाऊ? तो सकाळी "आज बाहेरच जेवू" म्हणून खोलीवर ठेवलेला.

आई बाकावर बसली आणि म्हणाली, "जरा गरगरतंय रे." कपाळावर घाम, हात थरथरत होते. साखर उतरली होती. पबमधली बाई काउंटरमागून संत्र्याच्या रसाचा मोठा ग्लास घेऊन धावत आली, मागून बिस्किटं. पंधरावीस मिनिटांनी आईच्या तोंडावर रंग आला. त्या बाईनं पैसे घेतले नाहीत. त्या बाकावर आम्ही दोघं एकमेकांकडे बघत नव्हतो. चार्टवर खेड्याच्या नावापुढे 'फोटोसाठी उत्तम' असं लिहिलेलं होतं.

रात्री बाथच्या खोलीवर आमच्या बाईसाहेबांनी चार्ट मागून घेतला. पेन्सिलनं सत्तावीसपैकी सोळा ठिकाणं खोडली. नियम एकच : आधी आईच्या जेवणाची जागा ठरायची, मग तिच्या आसपास चालत जाता येईल ते बघायचं. राहायचं हॉटेलात नाही, स्वयंपाकघर असलेल्या भाड्याच्या घरात, आणि एका गावात सहा-सात दिवस. यात पैसे गेले. तिकडे रेल्वेची स्वस्त तिकिटं आधी काढायची असतात, ती रद्द केली तर परतावा नाही. गाडी सुटण्याआधी शुल्क भरून तारीख बदलता येते, तेवढंच. आमची दोन तिकिटं बुडाली. एक होतं ग्लेनफिनॅनच्या वाटेचं. एकवीस कमानींचा, सळई न घालता निव्वळ काँक्रीटचा रेल्वेपूल, १९०१ मध्ये प्रवासी गाड्यांना खुला झालेला. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षापासून बघायची इच्छा होती. तो राहिला.

पुढची अडचण दोनच दिवसांवर होती, संकष्टी. आई चाळीस वर्षं चंद्र बघून उपास सोडते. मे महिन्यात यॉर्कला रात्री नऊपर्यंत उजेड असतो आणि संकष्टीचा चंद्र उगवतो मध्यरात्र उलटल्यावर. इथल्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, सातच्या पुढे जेवण जाता कामा नये. आई म्हणाली, "चंद्राआधी मी घास घेणार नाही." लेकीनं गूगलवर तक्ते काढले, आम्ही विनवण्या केल्या, उपयोग शून्य. शेवटी आईनंच विचारलं, "आपल्या घरी आत्ता किती वाजले?" साडेचार तासांचा फरक. वडोदऱ्याचा चंद्रोदय म्हणजे यॉर्कला संध्याकाळचे सहा-सव्वासहा. आई म्हणाली, "माझा गणपती त्या घरातला आहे. त्या घरावर चंद्र आला की झालं."

संकष्टीला संध्याकाळी वहिनींचा व्हिडिओ फोन आला, गच्चीवरून. टाकीच्या वर पिवळा चंद्र, हलत्या फोनमध्ये बिस्किटाएवढा. यॉर्कच्या खिडकीत लख्ख ऊन. आईनं फोनला नमस्कार केला, अर्घ्य वहिनींनी तिकडे दिलं, आणि आम्ही वरणभात वाढला. शास्त्राला हे चालतं का, ते सभागृहातल्या जाणत्यांनी सांगावं. आई जेवली, आम्हाला तेवढं पुरलं.

तिथून पुढचे वीस दिवस खरे सहलीचे. यॉर्कच्या रेल्वे संग्रहालयात, तेही फुकट, मॅलार्ड नावाचं निळं वाफेचं इंजिन आहे. १९३८ मध्ये ताशी १२६ मैल धावून त्यानं विक्रम केला होता. आईनं तिथे बसून डबा खाल्ला. एडिंबरोला सात दिवस राहिलो. फोर्थचा १८९० चा पोलादी पूल तिथून जवळ आहे, पाण्याकाठी बसून दोन तास बघितला. ग्लेनफिनॅनचं दुःख अर्धं उतरलं, सगळं नाही.

खाण्याबद्दल सांगायलाच हवं असं थोडं. भाजलेल्या अख्ख्या बटाट्यात घेवड्याच्या उसळीसारखे बीन्स घालून देतात, ते सगळीकडे मिळतं, शाकाहारी असतं, पोट भरतं. आईनं त्याला 'विलायती सेव-उसळ' नाव दिलं, पण शेव स्वतःची घातली. चिप्स मात्र विचारून घ्या. यॉर्कशरकडे बऱ्याच दुकानांत त्या गाईच्या चरबीत तळतात. पाकिटबंद मिठाया आणि जेलीत अनेकदा जिलेटिन असतं. खेड्यातल्या पबात दुपारचं जेवण साधारण अडीचच्या आत उरकावं. रविवारी इंग्लंडात मोठी दुकानं सहाच तास उघडी असतात, म्हणून शनिवारीच भाजी आणा. घरून तूप, पेढे, बर्फी नेऊ नका, दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. साबुदाणा, दाण्याचं कूट, मेतकूट, लीलो चिवडा सगळं चाललं. इन्शुलिन हातातल्या पिशवीत आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत. विमा काढताना मधुमेह लपवू नका, लपवला तर विमा कागदापुरताच उरतो.

शेवटचे तीन दिवस लेस्टरला होतो. बेलग्रेव्ह रोडवर आपल्याकडच्यासारखी फरसाणाची, साड्यांची, सोन्याची दुकानं. १९७२ मध्ये इदी अमीननं युगांडातून हाकललेली कितीतरी गुजराती कुटुंबं या शहरात आली. पंचवीस दिवस आई दुकानात आमच्या मागे उभी राहायची, आम्ही बोलायचो. इथे ती पुढे झाली. काउंटरवरच्या आजींनी विचारलं, "कया गामनां?" आई म्हणाली, "वडोदरा." मग दोघींचं सुरसागर, मांडवी, न्यायमंदिर असं चालू झालं. त्या आजी लहानपणी मामाकडे वडोदऱ्याला येऊन गेलेल्या. आम्ही अर्धा तास ढोकळ्याची बशी हातात धरून उभे होतो. आमच्यासाठी शब्दही नव्हता.

सुधारलेला चार्ट मंडळाच्या कपाटात ठेवला आहे, ज्यांना हवा त्यांनी झेरॉक्स काढून न्यावी. पेन्सिलच्या खोडाखोडीसकट आहे. आईनं मागच्या पानावर तिथल्या डाळ-तांदळाचे भाव लिहिलेत, तेवढं पान मात्र परत हवं म्हणते.