ओळखीच्या माणसाने ठोठावलेले दार
(रिद्धपूर येथे कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



याच रिद्धपुरात म्हाइंभटांनी माणसामाणसाला गाठून चक्रधरस्वामींच्या आठवणी जमविल्या. त्यांतून ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. निवडणुकीचे कार्यही असेच चालते.

अमेरिकेत २००४ साली पक्षांतर्गत उमेदवारनिवडीत हॉवर्ड डीन माध्यमांत अग्रभागी होते. आयोवा राज्यात मतदारांनी सायंकाळच्या सभेस प्रत्यक्ष येणे आवश्यक होते. डीन यांच्यासाठी परराज्यांतून आलेले स्वयंसेवक घरोघरी फिरले. तरी ते तिसरे आले, जॉन केरी पहिले. अनोळखी माणसाचा संपर्क अपुरा पडला.

आपल्या अमरावती पदवीधर मतदारसंघात तर यादीच दर निवडणुकीस नव्याने होते. नमुना १८ भरला नाही, तर जाहिरात पाहूनही मत देता येत नाही. २०११ व २०१७ साली विजयी झालेले डॉ. रणजीत पाटील २०२३ मध्ये धीरज लिंगाडे यांच्याकडून पराभूत झाले. जुनी यादी बाद होते, तसा जुना विजयही पुरा पडत नाही.

प्रसिद्धी नाव पोहोचविते. नोंदणी करणे, पसंतीचा १ अंक लिहिण्यास शिकविणे, मतदाराला केंद्रापर्यंत नेणे हे शेजारचा कार्यकर्ताच करू शकतो. म्हणून प्रत्येकाने आपल्या वस्तीतील पदवीधरांची नावे आजच लिहून काढावीत, ही विनंती.