बळ हीच खरी आधारकाठी : स्नायू, हाडे व सांधे यांसाठी शक्तिवर्धक व्यायाम

(न्यासाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या निमित्ताने खापरखेडा येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



वार्षिक सभेत वर्षभराच्या जमाखर्चाचा ताळेबंद मांडण्याची प्रथा आहे. आज मी आपणासमोर अशा एका ठेवीचा हिशेब मांडणार आहे, जी प्रत्येकाच्या शरीरात असते, तरुणपणी वाढते आणि पुढे लक्ष न दिल्यास गुपचूप घटत जाते. ही ठेव म्हणजे आपले स्नायुबळ. ती संपत आल्याची सूचना कोणी देत नाही. एके दिवशी न्हाणीघरात पाय घसरतो, खुब्याचे हाड मोडते आणि मग घरातील सर्वांना तिची आठवण होते. खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांपैकी साधारणतः पाचातील एक जण वर्षाच्या आत दगावतो, असे जगभरातील पाहण्यांत आढळले आहे. जे वाचतात, त्यांतील अनेकांना पूर्वीसारखे स्वावलंबी जीवन पुन्हा लाभत नाही. म्हणून हा विषय केवळ पहिलवानांचा नसून घराघरातील आई-वडिलांचा आहे.

आपले खापरखेडा हे श्रमाचे गाव आहे. १९८९ साली तत्कालीन महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाच्या औष्णिक केंद्राचा पहिला संच येथे सुरू झाला. त्या काळी ज्यांनी विशी-पंचविशीत या केंद्रात पाऊल ठेवले, ते आज साठीच्या आसपास आहेत. सिल्लेवाडा, वलनी या परिसरातील कोळसा खाणींत आयुष्य घालविलेले कामगारही आपल्यात आहेत. ही मंडळी म्हणतात, “डॉक्टरसाहेब, जन्मभर ओझीच उचलली, आता आणखी कसला व्यायाम?” प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर प्रथम देतो.

श्रम आणि व्यायाम यांत फरक आहे. श्रमात शरीर कामाच्या सोयीने वाकते. व्यायामात काम शरीराच्या सोयीने ठरते. कामावर तेच ओझे, त्याच बाजूने, त्याच वाकलेल्या कमरेने वर्षानुवर्षे उचलले जाते. काही स्नायू थकतात, काहींना कामच मिळत नाही आणि विसाव्याचे दिवस आपल्या हाती नसतात. शिवाय निवृत्तीच्या दिवशी हा श्रम एकाएकी थांबतो. काल जिने चढणारा माणूस आज खुर्चीत बसतो. स्नायूंचा स्वभाव असा, की जे बळ वापरात नाही ते शरीर राखून ठेवीत नाही. त्यामुळे पूर्वीचे श्रम ही आजची शिदोरी ठरत नाही.

स्नायूंविषयी

तिशी-चाळिशीनंतर माणसाचे स्नायू दर दशकात साधारणतः शेकडा ३ ते ८ या प्रमाणात घटू लागतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. वैद्यकशास्त्रात या अवस्थेला ‘सार्कोपेनिया’ म्हणतात. अमेरिकेतील आयर्विन रोझेनबर्ग यांनी हा शब्द १९८० च्या दशकाच्या अखेरीस सुचविला. वजनकाट्यावर ही घट दिसत नाही, कारण स्नायूंची जागा चरबी घेते आणि आकडा तोच राहतो.

ही घट भरून काढता येते काय? १९९० साली अमेरिकेत डॉ. मारिया फियातारोने यांनी वृद्धाश्रमातील नव्वदीच्या आसपासच्या दहा व्यक्तींना आठ आठवडे पायांच्या स्नायूंसाठी वजनाचे व्यायाम दिले. नऊ जणांनी ते पूर्ण केले. त्यांच्या पायांतील बळ सरासरी शेकडा १७४ ने वाढले, म्हणजे ते अडीच पटींहूनही अधिक झाले. दोघांनी चालताना काठी वापरणे सोडले. १९९४ साली शंभर दुर्बल वृद्धांवर झालेल्या पुढील अभ्यासातही बळ दुपटीहून अधिक झाल्याचे आणि जिना चढण्याची क्षमता सुधारल्याचे आढळले. नव्वदीत जे साधते, ते साठीत साधणार नाही असे कसे म्हणावे?

या व्यायामाचे तत्त्व सोपे आहे. स्नायूला जेवढे सहज पेलते त्याहून थोडे अधिक द्यावयाचे, मग त्याला विसावा व आहार द्यावयाचा आणि तो बळकट झाला की भार पुन्हा किंचित वाढवावयाचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन सैन्यातील डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी गुडघ्याला दुखापत झालेल्या सैनिकांना क्रमाक्रमाने वजन वाढवून बरे केले आणि १९४५ साली ही पद्धती प्रसिद्ध केली. आपल्या आखाड्यांतील वस्ताद मात्र जोर-बैठकांची संख्या आणि मुद्गलाचे वजन याच रीतीने पूर्वीपासून वाढवीत आले आहेत. आपल्या विदर्भातील अमरावती येथे १९१४ साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामांची प्रात्यक्षिके दाखविली होती. बलोपासना ही या मातीला नवी नाही. ती तरुणांपुरती आणि पुरुषांपुरती मर्यादित राहिली, एवढेच.

हाडांविषयी

हाड हे वरवर दगडासारखे दिसले तरी ती जिवंत वस्तू आहे. त्यातील काही पेशी जुने हाड काढून टाकतात, तर काही नवे हाड बांधतात. कोठे बांधावयाचे, हे हाडावर पडणारा भार ठरवितो. जर्मन शल्यचिकित्सक युलियस वोल्फ यांनी १८९२ साली हा नियम मांडला. टेनिसपटूंच्या रॅकेट धरणाऱ्या हाताचे हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असते; उलट अंतराळवीरांच्या खुब्याचे हाड भाराअभावी दरमहा शेकडा एक ते दीड इतके विरळ होते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या हाडांचीही हीच दिशा असते.

तिशीपर्यंत हाडांचा साठा वाढतो, नंतर तो घटू लागतो. पाळी बंद झाल्यावर स्त्रियांत ही घट काही वर्षे फार वेगाने होते. पाठीला बाक येणे, उंची कमी होणे, किरकोळ धक्क्याने मनगट मोडणे ही तिची चिन्हे होत. चालणे प्रकृतीला उत्तमच; पण हाड बळकट करण्यास केवळ चालणे अपुरे पडते. ऑस्ट्रेलियात पाळी बंद झालेल्या व हाडे विरळ झालेल्या १०१ स्त्रियांवर एक अभ्यास झाला. तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यातील एका गटाने प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, आठ महिने जड वजनाचे व्यायाम केले. त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता शेकडा २.९ ने वाढली. घरी हलके व्यायाम करणाऱ्या गटाची मात्र शेकडा १.२ ने घटली. आकडे लहान वाटतील, परंतु जेथे उताराचीच सवय आहे तेथे चढ लागणे ही मोठी गोष्ट आहे. मात्र ज्यांची हाडे विरळ झाली आहेत त्यांनी जड वजने देखरेखीशिवाय उचलू नयेत आणि पाठ गोल करून ओझे उचलणे तर सर्वस्वी टाळावे.

सांध्यांविषयी

“गुडघा घासला आहे, आता हालचाल कमी करा,” हा सल्ला आपल्याकडे शेजारीपाजारी सर्रास देतात. तो बहुतेकांच्या बाबतीत हानिकारक ठरतो. सांध्यातील कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्याच्या हालचालीने आणि दाबाने वंगणद्रव स्पंजासारखा आत-बाहेर होतो. त्यातूनच तिचे पोषण होते. सांधा बंद ठेवला की हे पोषण मंदावते. दुसरे असे, की मांडीचे स्नायू हे गुडघ्याचे धक्के झेलणारे सेवक आहेत. ते दुबळे झाले की सारा धक्का सांध्यावर येतो, दुखणे वाढते, दुखते म्हणून माणूस बसून राहतो आणि बसल्याने स्नायू आणखी दुबळे होतात. हे दुष्टचक्र व्यायामानेच तुटते. व्यायामाने झिजलेली कूर्चा पुन्हा उगवत नाही आणि क्ष-किरण चित्रही बदलत नाही. परंतु वेदना कमी होते, जिना चढता येतो आणि कित्येकांची शस्त्रक्रिया लांबणीवर पडते. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून गुडघा व खुब्याच्या झिजेच्या रुग्णांसाठी असा व्यायामवर्ग पद्धतशीरपणे चालविला जातो आणि पुढे तो अनेक देशांनी स्वीकारला. ज्यांना सांधेरोपण करावेच लागते, त्यांनाही शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर स्नायुबळ उपयोगी पडते.

घरी काय करावे

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शिकेत प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम आणि पासष्टीपुढील व्यक्तींना किमान तीन दिवस तोल व बळ यांचे संमिश्र व्यायाम सुचविले आहेत. यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत.

पहिला, खुर्चीवरून हात न टेकता उठणे व सावकाश बसणे. दुसरा, स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा उचलणे. तिसरा, भिंतीला हात टेकून जोर काढणे. चौथा, घोट्याला वाळूची पिशवी बांधून, खुर्चीत बसून पाय सरळ करणे. पाचवा, पाठ सरळ ठेवून, खुब्यातून वाकून, जमिनीवरील पिशवी उचलणे व दोन्ही हातांत सारखे वजन घेऊन चालणे. प्रत्येक प्रकार ८ ते १२ वेळा, असे दोन फेरे, आठवड्यातून दोन-तीन दिवस, मधे एक दिवस विसावा देऊन करावा. शेवटच्या दोन वेळा कष्टाच्या वाटल्या पाहिजेत. त्या सहज होऊ लागल्या की पिशवीत थोडी वाळू वाढवावी. वजन उचलताना श्वास रोखू नये. आपल्याकडील उन्हाळा ध्यानात घेता पहाटेची वेळ उत्तम.

आपले बळ किती आहे, हे पाहण्याची सोपी परीक्षा सांगतो. भिंतीला टेकविलेल्या खुर्चीवर, हात छातीशी घडी घालून, ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते मोजावे. साठ ते चौसष्ट वयाच्या पुरुषास १४ व स्त्रीस १२ वेळा जमले पाहिजे. त्याहून कमी झाल्यास पडण्याचा धोका अधिक समजावा. ही परीक्षा घेताना जवळ कोणी तरी असावे.

सुरुवातीच्या काही आठवड्यांत वाढणारे बळ हे मुख्यतः मज्जातंतूंच्या शिस्तीचे असते. स्नायूंची वाढ त्यानंतर दिसते आणि हाडांना आठ-दहा महिने लागतात. म्हणून धीर धरावा. व्यायामाने किंचित दुखले तर घाबरू नये. दुसऱ्या दिवशीपर्यंत ते निवले पाहिजे. सांधा सुजला, छातीत दुखले, चक्कर आली तर थांबून डॉक्टरांना दाखवावे. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, ताजा अस्थिभंग अथवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असल्यास आधी सल्ला घ्यावा.

व्यायामाला आहाराची जोड हवी. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढास वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने आणि दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळावे. ज्वारीची भाकरी, तुरीचे घट्ट वरण, झुणका, दूध-दही, तीळ आणि ज्यांना चालतात त्यांना अंडी व मासे यांतून हे साधते. घरातील स्त्रीने सर्वांची पाने वाढून उरलेल्या पातळ वरणावर भागवू नये, हेही मी आवर्जून सांगतो. कारण हाडे मोडतात ती अधिक करून तिचीच.

दोन विनंत्या

पहिली विनंती रुग्णांच्या कुटुंबीयांस. आई उठू लागली की “तू बस, मी आणतो,” असे आपण प्रेमाने म्हणतो. हे प्रेम खरे आहे. पण दिवसातून वीस वेळा असे म्हटले की आईच्या पायांचे वीस बैठकांचे काम आपण हिरावून घेतो. तिचा पेला तिला आणू द्या. आपण शेजारी उभे राहा. हीदेखील सेवाच आहे, किंबहुना अधिक दूरदृष्टीची सेवा आहे.

दुसरी विनंती विश्वस्त व देणगीदारांस. मोठ्या यंत्रावर दात्याच्या नावाची पाटी लावता येते. स्वतःच्या पायांनी रामटेकचा गड चढून आलेल्या आजीवर ती लावता येत नाही. तरीही मी आपणाकडे एक हवेशीर खोली, दहा-बारा भक्कम खुर्च्या, भिंतीला आधाराचे दांडे, वाळूच्या पिशव्या, काही वजने आणि या सर्वांचा उपयोग करून घेणारा एक भौतिकोपचारतज्ज्ञ एवढेच मागतो. निवृत्त कामगार आणि पन्नाशीपुढील भगिनी यांचे स्वतंत्र वर्ग तेथे आठवड्यातून दोनदा चालू शकतील. मोडलेले हाड जोडण्यास जो खर्च येतो, त्याच्या तुलनेत हाड मोडू न देण्याचा खर्च अल्प आहे आणि त्याचे पुण्यही उणे नाही.

रुग्णालयात रुग्णांची संख्या वाढली की आपण ती प्रगती मानतो. खुब्याच्या अस्थिभंगाच्या बाबतीत मात्र येत्या वर्षांच्या अहवालात आकडा घटलेला दिसावा, अशी इच्छा व्यक्त करतो.