धुराची वाट



धुराड्यातून निघालेला धूर जातो कोठे? “हवेत विरतो,” असे आपण सहज म्हणतो. पण विरणे म्हणजे नाहीसे होणे नव्हे. तो कोणाच्या तरी नाकाशी जातोच. कोणाच्या, केव्हा आणि किती, हे संगणकाच्या साहाय्याने पुष्कळ अंशी आधी सांगता येते. ते कसे, हे आम्ही थोडक्यात मांडणार आहोत.

धूर तोच असला तरी हवा रोज तीच नसते. दुपारी जमीन तापते, तिच्यालगतची हवा वर चढते आणि धूर उंचावर पसरतो. हिवाळ्यातील निरभ्र रात्री उलट घडते. जमीन निवते, थंड हवा खाली बसते, तिच्यावर उबदार हवेचे झाकण पडते आणि धूर वस्तीतच कोंडतो. १९५२ च्या डिसेंबरात लंडनवर असे झाकण सुमारे पाच दिवस राहिले. हजारो माणसे दगावली.

फ्रँक पास्क्विल या ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञाने १९६१ साली ऊन, ढग आणि वाऱ्याचा वेग यांवरून हवेचे सहा वर्ग पाडले. वर्ग कळला की धुराचा लोट किती पसरेल याचा अंदाज बांधता येतो. बाकी सारे तेच राहून वारा दुप्पट झाला, तर धुराची दाटी निम्मी होते. एका धुराड्यापुरते हे गणित कागदावरही सुटते. शहराला संगणक लागतो. तो हवेचे लहान लहान चौकोनी कप्पे कल्पितो आणि प्रत्येक कप्प्यात धूर किती आला, किती गेला, नवा किती झाला, किती खाली बसला, याचा क्षणाक्षणाचा जमाखर्च मांडतो. यालाच शास्त्रज्ञ प्रतिमान म्हणतात. वाण्याच्या वहीचाच नियम येथे लागू आहे: जमेची नोंद चुकली की बाकी चुकलीच. वाहने, भट्ट्या, चुली, जळणारा कचरा यांची नोंद अपुरी असेल, तर उत्तम यंत्रही चुकीचेच उत्तर देईल.

आता भोपाळचे उदाहरण घ्या. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री तेथील कारखान्यातून विषारी वायू सुटला. वारा मंद, हवा स्थिर, वायू हवेहून जड. तो जमिनीलगत झोपलेल्या वस्तीवर पसरला. दिल्लीच्या आय.आय.टी.तील शास्त्रज्ञांनी १९८७ साली त्या रात्रीचा वायूचा प्रवास गणिताने मांडून दाखविला. पण वाऱ्याचे ठोकताळे तर १९६१ पासूनच ग्रंथांत होते! पळावे कोणत्या दिशेला, एवढेही त्या रात्री लोकांना वेळेवर कळले नाही. ज्ञान होते, ते दारापर्यंत पोचले नव्हते.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २०१० साली, राष्ट्रकुल स्पर्धांच्या निमित्ताने, दिल्लीसाठी ‘सफर’ ही पूर्वसूचनेची व्यवस्था उभारली. २०१३ साली ती पुण्यातही आली. २०२२ साली दिल्ली परिसरात, हवा बिघडण्याची वाट न पाहता भाकितावरूनच निर्बंध लावण्याची तरतूद झाली. आमच्या मते खरे पाऊल हेच.

संगणक धूर थांबवीत नाही. तो उद्याचा धूर आज दाखवितो. म्हणून नागरिकांनी दोन प्रश्न सतत विचारले पाहिजेत. आपल्या गावच्या धुराची खरी नोंद कोण ठेवतो? आणि भाकीत वाईट आले, तर त्या रात्री आपले दार कोण ठोठावणार? या दोहोंना उत्तर मिळेल तेव्हाच हे गणित सुटले असे आम्ही मानू.