आठवणींची वही

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



युद्धात परागंदा झालेल्या माणसांच्या आठवणी साहित्य कसे जपते, या विषयावर मला बोलायचे आहे. विषय दूरचा वाटेल, पण तो आपल्या किल्लारीच्या उंबरठ्यावरचाच आहे.

आमच्या दादीला वय विचारले की ती म्हणे, "ॲक्शनच्या साली माझ्या कडेवर पोर होते." त्या साली काय घडले, हे मात्र तिने कधी सांगितले नाही.

१३ ते १७ सप्टेंबर १९४८ या काळात पोलीस ॲक्शन होऊन हैदराबाद संस्थान भारतात आले. त्याआधी रझाकारांच्या जुलमामुळे अनेक हिंदू कुटुंबे घरदार सोडून बार्शी-सोलापूरकडे गेली होती. ॲक्शननंतर सूड उगवला तो निरपराध मुसलमानांवरही. पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. आपले गाव तेव्हा उस्मानाबादेतच होते. कोणी हैदराबाद शहर गाठले, कोणी पाकिस्तान. त्याच समितीने हेही नोंदवले की हिंदू शेजाऱ्यांनी प्राणावर उदार होऊन मुसलमानांना वाचवले. हा अहवाल कित्येक दशके दप्तरात पडून होता. २०१३ च्या सुमारास तो लोकांना वाचायला मिळाला.

पण अहवालात आकडा असतो, माणूस नसतो. माणूस सापडतो साहित्यात.

१९९३ च्या भूकंपानंतर आमच्या पडक्या घरातून एक पत्र्याची पेटी निघाली. तीत कराचीला गेलेल्या चुलत आजोबांची उर्दू पत्रे होती. वडील मराठी शाळेत शिकलेले, मीही तसाच. ती पत्रे वीस वर्षे आम्ही नुसती जपली, वाचली नाहीत! शेवटी एका निवृत्त उर्दू शिक्षकांनी ती वाचून दाखवली. एका पत्रात लिहिले होते, "दारातला लिंब आहे ना? ज्यांनी आम्हाला कणगीत लपवले, त्यांना माझा सलाम सांगा." त्या शेजाऱ्यांचे नातू माझे वर्गमित्र. आम्हा दोघांनाही हे ठाऊक नव्हते.

१९४४ च्या मे महिन्यात सोव्हिएत सरकारने क्रिमियातील तातार मुसलमानांना गाड्यांत कोंबून मध्य आशियाकडे हाकलले. जेंगिझ दाग्जी हा त्यांचा कादंबरीकार लंडनमध्ये राहून आयुष्यभर क्रिमियातल्या गावांविषयी लिहीत राहिला. २०११ मध्ये तो वारला, तेव्हा त्याला क्रिमियाच्या मातीत दफन करण्यात आले. त्याचे गाव पुस्तकांत होते, म्हणून पुढच्या पिढ्यांना ते सापडले.

मित्रांनो, न सांगितलेले दुःख नाहीसे होत नाही. त्याची अफवा होते आणि अफवेतून वैर वाढते. ॲक्शन पाहिलेली माणसे आज नव्वदीकडे झुकली आहेत. या सुट्टीत एक वही घ्या. आपल्या दादी-नानीला विचारा, आणि शेजारच्या आजोबांनाही विचारा, की त्यांचे घर रझाकारांच्या दिवसांत कुठे गेले होते. दोन्ही हकिगती एकाच वहीत, मराठीत लिहा. पालकांना माझी विनंती आहे, मुलांना उर्दू अक्षरेही शिकवा. घरातली पेटी मुकी राहू देऊ नका.

एवढे बोलून आपली रजा घेतो. खुदा हाफिज. जयहिंद.